सुरी कुठे थांबावी?
गुदाशयाच्या कर्करोगावरील महाशस्त्रक्रियेचा इतिहास

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूरचा फाटा लागतो. अशा कोणत्याही फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे राहिले, की समोरच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज' अशी रंगवलेली पाटी बहुधा दिसतेच. शौचावाटे रक्त पडले की ते मूळव्याधीचेच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळदा ती खरीही ठरते. पण काही थोड्या माणसांच्या बाबतीत हे रक्त गुदाशयाच्या कर्करोगाचे असते. मलम, चूर्ण आणि पथ्य यांत आठ-दहा महिने निघून जातात, दुखणे वाढत जाते, आणि सुरुवातीला मर्यादित शस्त्रक्रियेने बरा होऊ शकला असता असा रोग ओटीपोटातील शेजारच्या अवयवांत शिरलेला आढळतो.

अशा पुढे गेलेल्या रोगावरही वैद्यकाजवळ एक उपाय आहे. गुदाशयाबरोबर मूत्राशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय, आणि वेळप्रसंगी पाठीमागच्या हाडाचा काही भागसुद्धा एकसंध काढून टाकायचा. ऐकताना अंगावर काटा येतो. एवढे कापल्यावर माणूस जगतो का? जगला तर कसा जगतो? आणि एवढे कापायचे हे कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले? या प्रश्नांच्या मागे जावे तर जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. तो नुसत्या धाडसाचा इतिहास नाही. सुरी कुठे थांबावी, या एकाच प्रश्नाचा तो पाठपुरावा आहे. या वाटेवरची महत्त्वाची पावले ज्यांनी आपले अपयश प्रामाणिकपणे मोजले त्यांच्यामुळेच पडली. म्हणूनच तो शिक्षकांसमोर ठेवावासा वाटतो.

दाटीवाटीचे घर

प्रथम थोडी शरीररचना पाहू. मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. तो ओटीपोटाच्या तळाशी, हाडांनी बनलेल्या एका अरुंद भांड्यात बसलेला असतो. या भांड्याला श्रोणी म्हणतात. गुदाशयाच्या पाठीमागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. पुढच्या बाजूला पुरुषांमध्ये मूत्राशय व पुरःस्थ ग्रंथी, तर स्त्रियांमध्ये योनी व गर्भाशय. दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या, पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे आणि मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिन्या. पोटाच्या वरच्या भागात आतड्यांना हलायला जागा असते. इथे ती नसते. शेजाऱ्यांच्या भिंती जवळजवळ एकमेकींना लागून असतात.

कर्करोगाची गाठ सुरू होते ती गुदाशयाच्या अगदी आतल्या अस्तरात. तिथून ती भिंतीचे एकेक थर भेदत बाहेर सरकते. भिंतीबाहेर चरबीचे एक वेष्टन असते. त्यात रक्तवाहिन्या आणि लसिका ग्रंथी असतात. या वेष्टनालाही बाहेरून एक पातळ चकचकीत पापुद्रा असतो. या पापुद्र्याला पुढे आपल्या कथेत फार महत्त्व येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

पहिले प्रयत्न

१८२६ साली पॅरिसमध्ये झाक लिस्फ्रां या शल्यचिकित्सकाने गुदद्वाराच्या बाजूने शिरून गुदाशयाचा खालचा रोगट भाग काढला. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. ईथरची भूल जगासमोर आली ती १८४६ साली. जंतूंविषयीचे ज्ञान तर त्याहून पुढचे. म्हणजे रुग्ण जागा असताना, आणि जखम चिघळणार हे जवळजवळ गृहीत धरून, ही शस्त्रक्रिया होत असे. साहजिकच बोटाला लागेल तेवढाच भाग काढता येई.

भूल आणि निर्जंतुकीकरण आल्यावर शल्यचिकित्सकांना वेळ मिळाला. १८८५ साली जर्मनीत पाऊल क्रास्के यांनी पाठीमागून, माकडहाड आणि त्रिकास्थीचा थोडा भाग काढून, गुदाशयापर्यंत पोचण्याचा मार्ग दाखवला. आता अधिक वरची गाठही काढता येऊ लागली. रुग्ण शस्त्रक्रियेतून उठू लागले, घरी जाऊ लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे समजायला हरकत नव्हती.

पण घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले?

सत्तावन्नपैकी चोपन्न

हा प्रश्न लंडनच्या विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी स्वतःच्याच रुग्णांबाबत विचारला. १८९९ ते १९०६ या काळात त्यांनी खालच्या बाजूने गुदाशय काढण्याच्या ५७ शस्त्रक्रिया केल्या. त्या रुग्णांचा त्यांनी पुढे मागोवा घेतला. ५७ पैकी ५४ जणांत रोग परत आला होता. कोणताही शल्यचिकित्सक असा आकडा खाली बसून लिहून काढायला कचरेल. माइल्स यांनी तो लिहिला, आणि मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात रोग नेमका कुठे परतला आहे हेही पाहिले. तो बहुधा सुरी जिथे पोचलीच नव्हती तिथे, म्हणजे वरच्या बाजूला, आतड्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या लगतच्या लसिका ग्रंथींमध्ये सापडे.

माइल्स यांनी त्यावरून अनुमान काढले, की गाठ म्हणजे रोग नव्हे. गाठ आणि तिच्यापासून लसिकामार्गाने पसरण्याच्या सर्व वाटा मिळून रोग होतो. मग या वाटांसकट सगळे काढले पाहिजे. १९०८ साली त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपली नवी शस्त्रक्रिया मांडली. आधी पोट उघडून वरचा भाग मोकळा करायचा, आतड्याचे निरोगी टोक पोटावर आणून तिथे कायमचा मलमार्ग करायचा, आणि मग खालून गुदद्वारासकट सर्व भाग एकसंध बाहेर काढायचा. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ जण शस्त्रक्रियेपायी दगावले. हाही आकडा त्यांनी लपवला नाही. पण जे वाचले त्यांच्यात रोग परतण्याचे प्रमाण आधीपेक्षा खूपच कमी होते. पुढची कित्येक दशके माइल्स यांची शस्त्रक्रिया हाच जगभर प्रमाण उपचार मानला गेला.

लंडनमध्येच कथबर्ट ड्यूक्स या विकृतिशास्त्रज्ञाने १९३२ साली काढलेल्या गुदाशयांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. गाठ भिंतीतच असेल तर एक, भिंतीबाहेर गेली असेल तर दुसरी, लसिका ग्रंथींत पोचली असेल तर तिसरी. रुग्ण किती जगेल हे गाठीच्या आकारापेक्षा ती किती खोल गेली आहे यावर अधिक अवलंबून असते, ही आज साधी वाटणारी गोष्ट या वर्गीकरणामुळे स्पष्ट झाली.

सर्व काही काढणारी शस्त्रक्रिया

गाठ शेजारच्या अवयवात शिरली असेल तर मात्र माइल्स यांची शस्त्रक्रियाही अपुरी पडे. अशा रुग्णाला 'आता काही करता येणार नाही' असे सांगितले जाई. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांना हे मान्य नव्हते. त्यांच्यासमोर मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया होत्या. त्यांच्या लक्षात आले होते, की श्रोणीतील काही कर्करोग फुप्फुसात किंवा यकृतात न जाता दीर्घकाळ श्रोणीतच वाढत राहतात. मूत्रवाहिन्या दाबल्या जाऊन मूत्रपिंडे निकामी होतात आणि माणूस त्याने मरतो. रोग जर श्रोणीतच अडकून राहिलेला असेल, तर श्रोणीच रिकामी का करू नये?

१९४८ साली त्यांनी अशा २२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गुदाशय, मूत्राशय आणि जननेंद्रिये एकाच वेळी काढून टाकलेली. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडून मल आणि मूत्र पोटावरच्या एकाच छिद्रातून बाहेर. २२ पैकी ५ रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावले, म्हणजे जवळजवळ चारात एक. या शस्त्रक्रियेला क्रूर म्हणणारे अनेक जण होते, आणि त्यांचे सर्वस्वी चुकत होते असे म्हणता येणार नाही. तरी ती शक्य झाली यामागे काळाचा हात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रक्तपेढ्या आणि पेनिसिलिन उपलब्ध झाले होते. वीस वर्षे आधी अशी शस्त्रक्रिया करणे म्हणजे मृत्यूला निमंत्रणच ठरले असते.

या शस्त्रक्रियेतील एक मोठी अडचण १९५० साली सेंट लुईच्या युजीन ब्रिकर यांनी सोडवली. मूत्र मोठ्या आतड्यात सोडले की मलातील जंतू मूत्रपिंडांपर्यंत चढत आणि रक्तातील क्षारांचा तोल बिघडे. ब्रिकर यांनी लहान आतड्याचा एक छोटा तुकडा, त्याचा रक्तपुरवठा कायम ठेवून, वेगळा काढला. त्याच्या एका टोकाला मूत्रवाहिन्या जोडल्या आणि दुसरे टोक पोटावर आणले. मूत्राची आणि मलाची वाट वेगळी झाली. युक्ती प्लंबरच्या कामासारखी साधी आहे. पण तिने अनेक रुग्णांची मूत्रपिंडे वाचवली आणि आजही ती वापरली जाते. पुढे हीच शस्त्रक्रिया गुदाशयाच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठीही होऊ लागली, आणि १९८० च्या सुमारास गाठ पाठीमागे चिकटली असेल तर त्रिकास्थीचा भागही तिच्याबरोबर काढण्याचे तंत्र बसवले गेले.

परळचे रुग्णालय

आपल्याकडे या विद्येचे घर म्हणजे मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यातून कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय असावे ही कल्पना निघाली, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. आज गोव्यापासून ईशान्य भारतापर्यंतचे रुग्ण तिथे येतात. मराठवाड्यातून येणाऱ्याला परतूर किंवा जालन्याहून मुंबईची गाडी पकडावी लागते, आणि उपचार लांबले तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा शोधावा लागतो.

या रुग्णालयाच्या पहिल्या पिढीतील नामांकित शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हे मूळच्या गोव्याच्या घराण्यातले. रुग्णालयाजवळच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे काम प्रयोगशाळेत चालले होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी तिथला विकृतिशास्त्र विभाग उभा केला. शल्यचिकित्सकाने काढलेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवायचा, आणि रुग्ण कुठला, काय खातो, काय नेसतो हेही विचारायचे, अशी त्यांची रीत होती. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराखालच्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ साली केले, ते अशाच नोंदींतून. १९५२ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. सुरी आमच्या हातात नसते. पण सुरीने योग्य जागी काम केले की नाही याचा निवाडा शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच होतो, हे सांगायला हवे. ते कसे, हे इतिहासाच्या पुढच्या टप्प्यावर दिसते.

संत्रे आणि मोसंबी

१९७० च्या दशकापर्यंत शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या होत्या. तरीही गुदाशय काढल्यावर अनेक रुग्णांत रोग श्रोणीत परत येई. कुठे चार-पाचांत एक, कुठे त्याहूनही अधिक. लोक म्हणत, रोगच वाईट, त्याला कोण काय करणार? इंग्लंडमधील बेसिंगस्टोक या लहान शहरातील शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी मात्र असे मांडले, की दोष रोगाचा कमी आणि कापण्याच्या रेषेचा अधिक आहे.

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी वर्गात एक संत्रे आणि एक मोसंबी न्यावी. संत्र्याची साल बोटांनी सुटते, कारण साल आणि फोडी यांच्यामध्ये निसर्गानेच एक सैल पांढरा थर ठेवलेला आहे. त्या थरातून गेले की एकही फोड फुटत नाही. मोसंबीची साल आतल्या गराला घट्ट धरून असते. तिला सुरी लागते, आणि सुरी किंचित आत गेली की रस सांडतो. गर्भात वाढताना गुदाशय आणि त्याचे चरबीचे वेष्टन हे मूत्राशय व जननेंद्रिये यांच्यापासून स्वतंत्रपणे घडतात. म्हणून वेष्टनावरचा तो पातळ पापुद्रा आणि शेजारी यांच्यामध्ये संत्र्यासारखा सैल थर असतो. पूर्वीचे शल्यचिकित्सक हात घालून गुदाशय ओढून काढत. त्यात वेष्टन फाटे आणि रोगाच्या पेशी असलेले चरबीचे तुकडे मागे राहत. हील्ड म्हणाले, घाई करू नका. डोळ्यांना दिसेल अशा रीतीने त्या सैल थरातूनच जा, आणि वेष्टन न फाटता पूर्ण बाहेर काढा. १९८२ साली त्यांनी ही कल्पना मांडली. १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत त्यांच्या रुग्णांपैकी पाच वर्षांत श्रोणीत रोग परतण्याचे प्रमाण शंभरात चारांहून कमी होते. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. सुरी फक्त योग्य वाटेने गेली होती.

त्याच वर्षी लीड्सचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांचे काढलेले गुदाशय आडव्या पातळ चकत्या करून तपासले. तोवर कापलेल्या वरच्या आणि खालच्या टोकाकडेच लक्ष दिले जाई. यांनी सभोवतालची कड पाहिली. १४ जणांत रोग कडेपर्यंत पोचलेला होता, आणि त्या १४ पैकी १२ जणांत तो पुढे श्रोणीत परतला. शस्त्रक्रिया पुरेशी झाली की नाही, हे आता रुग्ण रुग्णालयातून घरी जायच्या आत सांगता येऊ लागले.

आता महाशस्त्रक्रियेकडे पुन्हा वळू. गाठ जेव्हा पापुद्रा ओलांडून मूत्राशयात किंवा गर्भाशयात शिरते, तेव्हा त्या जागी संत्र्याचे मोसंबी झालेले असते. मधला सैल थर उरलेलाच नसतो. चिकटलेला भाग हाताने सोडवायला जावे तर रस सांडणार, म्हणजे रोगाच्या पेशी श्रोणीत पसरणार. कधी कधी हे चिकटणे केवळ सुजेमुळे असते. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, आणि सोडवून पाहणे हाच धोका असतो. अशा वेळी शहाणपणाचा मार्ग एकच. त्याच्या पलीकडचा पुढचा सैल थर शोधायचा, म्हणजे मूत्राशयाच्या किंवा गर्भाशयाच्याही बाहेरचा, आणि त्यातून जायचे. ब्रुन्श्विग यांनी धाडसाने जे केले त्यामागचे तर्कशास्त्र हील्ड आणि क्वर्क यांच्या कामातून असे स्वच्छ झाले. जास्त कापणे हा उद्देश नाही; कड निरोगी राखणे हा आहे. ती जवळ मिळाली तर जवळ थांबावे, दूर असेल तर दूर जावे.

आज काय साधते?

आता रुग्णाला थेट टेबलावर घेत नाहीत. एमआरआय चित्रात तो पातळ पापुद्रा दिसतो आणि गाठ त्याच्यापासून किती मिलिमीटर दूर आहे हे आधीच मोजता येते. गाठ पुढे गेलेली असेल तर प्रथम किरणोपचार आणि औषधे देतात. १९९७ साली स्वीडनमधील ११६८ रुग्णांच्या पाहणीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या किरणोपचारांनी रोग श्रोणीत परतण्याचे प्रमाण शंभरात २७ वरून ११ वर आल्याचे दिसले. चांगल्या शस्त्रक्रियेला किरणोपचारांची जोड दिली तर ते आणखी उतरते, हे २००१ साली हॉलंडमधील पाहणीने दाखवले.

२०१९ साली १४ देशांतील रुग्णालयांनी एकत्र येऊन, गुदाशयाच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठी श्रोणीतील अवयव काढलेल्या १२९१ रुग्णांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरात दगावलेले शंभरात दीड. ब्रुन्श्विग यांचे पाच आणि बावीस हे आकडे शेजारी ठेवले की सत्तर वर्षांतील वाटचाल कळते. शंभरापैकी ऐंशी रुग्णांत कड निरोगी मिळाली होती. आता पुढचे तीन आकडे पाहा. कड निरोगी असलेल्यांपैकी शंभरात ५६ जण तीन वर्षांनंतर जिवंत होते. कडेवर सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसला त्यांच्यापैकी ३०. डोळ्यांना दिसणारा रोग मागे राहिला त्यांच्यापैकी ८. शस्त्रक्रिया तीच, रुग्णालये तीच. फरक काही मिलिमीटरच्या कडेचा.

टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनीही गुदाशयासह अनेक अवयव काढण्याच्या आपल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. अशा कामाला एक शल्यचिकित्सक पुरत नाही. मूत्रविकारांचे, हाडांचे आणि त्वचारोपणाचे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ, आणि पोटावरच्या पिशव्यांची निगा शिकवणाऱ्या परिचारिका असा संच लागतो. शस्त्रक्रिया आठ-दहा तासही चालते. त्यानंतर रुग्णाला पोटावर एक, क्वचित दोन पिशव्या घेऊन जगायचे असते. त्या व्यवस्थित लावता आल्या तर शेतात काम करता येते, एसटीने प्रवास करता येतो, लग्नकार्याला जाता येते. पण पिशवीचा खर्च, पाण्याची टंचाई आणि लोकांच्या नजरा यांचा हिशेब कोणत्याही वैद्यकीय तक्त्यात येत नाही. वैवाहिक आयुष्यावरही परिणाम होतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलणे हा उपचाराचाच भाग मानतात. आणि सर्व ऐकून एखाद्याने नको म्हटले तर तो निर्णयही आदराने स्वीकारायचा असतो.

इतिहासाचे वळण

सुरी पुढे जात राहिली तसे तिला थांबवण्याचेही प्रयोग झाले. ब्राझीलच्या आंजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली दाखवले, की किरणोपचार आणि औषधांनी गाठ पूर्ण विरघळली असेल तर काही रुग्णांत शस्त्रक्रिया न करता काळजीपूर्वक लक्ष ठेवता येते. त्यांच्या २६५ रुग्णांपैकी ७१ जणांवर त्यांनी असे लक्ष ठेवले होते. २०२२ साली न्यूयॉर्कमधून आलेले वृत्त आणखी आश्चर्यकारक होते. जनुकीय दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या गुदाशय-कर्करोगात, प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या दोस्तारलिमॅब या औषधाने १२ पैकी १२ रुग्णांत गाठ नाहीशी झाली. हा प्रकार थोड्याच रुग्णांत आढळतो आणि औषध अतिशय महाग आहे. तरी दिशा स्पष्ट आहे. माइल्स यांनी विचारलेला प्रश्न आज दोन्ही बाजूंनी विचारला जातो: आणखी किती कापायला हवे, आणि किती कापले नाही तरी चालेल?

पण या सर्वांपेक्षा कमी कापण्याचा एक जुना मार्ग आहे, तो म्हणजे रोग लवकर ओळखणे. आणि त्याबाबतचा एक चांगला पुरावा आपल्या भागाजवळचाच आहे. १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतील गावे तिच्यात होती. नोंदणी करणारे कार्यकर्ते गावोगाव जात. खेड्यात दवाखान्याच्या नोंदींवर विसंबून भागत नाही, म्हणून ते गावसभा घेत, कर्करोगाची लक्षणे सांगत, आणि शंका असलेल्याला तपासणीसाठी आणत. हेतू होता मोजणीचा. पण काही वर्षांत असे दिसले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. १९९५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषध आले नव्हते. माणसे बोलू लागली होती.

गुदाशयाच्या कर्करोगाबाबत असे बोलणे आपल्याकडे अजून फारसे होत नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा रोग भारतात कमी आढळतो, पण तो तरुणांनाही होतो. टाटा रुग्णालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ होते. म्हणजे मुले अजून शाळेत असलेली, घर चालवणारी माणसे. 'या वयात कर्करोग कसा असेल' हा तर्क म्हणूनच धोक्याचा आहे.

शिक्षकांना यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. नववी-दहावीत पचनसंस्था शिकवताना आपण तोंडापासून सुरुवात करतो आणि मोठ्या आतड्यापाशी घाईने धडा संपवतो. तिथे पाच मिनिटे अधिक थांबावे. शौचावाटे रक्त पडणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, कारण नसताना वजन उतरणे आणि अंगातले रक्त कमी होणे, ही लक्षणे सांगावीत. यांपैकी काही असेल तर मूळव्याधीचे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, हे सांगावे. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटालाही लागते. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात, यंत्र लागत नाही, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. पुढची दुर्बीण-तपासणी आणि उपचार यांसाठी मराठवाड्यातील रुग्णाला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून उपलब्ध आहे, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगावरील अनेक शस्त्रक्रियांचा खर्चही मिळतो.

मुले हे घरी जाऊन सांगतात. आजोबा, काका किंवा आई, ज्यांना लाजेमुळे कोणाजवळ बोलता येत नाही, त्यांच्यासाठी वर्गातले ते एक वाक्य पुरेसे ठरू शकते. सुरी कुठे थांबावी हे शल्यचिकित्सक ठरवतील; पण तिला किती दूर जावे लागेल, हे बऱ्याच अंशी त्याआधीचे काही महिने ठरवत असतात.